दोघांची स्क्रीन

नांदेडहून लातूरला एका जाहिरातीच्या दुकानात मी नोकरीला आले तेव्हा तिथे एक डिझायनर आधीपासून होते, कित्येक वर्षं फ्लेक्स करणारे. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला मॅडम. एका दवाखान्याने नंबर लावायचं ॲप मागितलं, तेव्हा मालक आमच्यासमोरच म्हणाले, "दोघं बी डिझायनरच ना? मग एकच बास. ज्याची स्क्रीन पेशंटला जमंल, तो राहील."

दादांनी मला एकच विचारलं, "माणूस हे किती लांबून बघणार?" फ्लेक्स चौकात लागणार की गल्लीत, यावरून ते अक्षर ठरवायचे. मी हसू दाबलं. कॉलेजात हाच प्रश्न आम्हाला इंग्रजीतून सत्रभर शिकवला होता, हे नंतर लक्षात आलं.

दोघांच्या स्क्रीन दाखवायला गेलो, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मुरुडच्या एक मावशी बसल्या होत्या. माझी स्क्रीन पांढरी, बारीक करड्या अक्षरांची. त्यांनी फोन पार डोळ्यांजवळ नेला. "कुठं दाबू, बाई? समदं कोरंच हाय."

दादांच्या स्क्रीनवर डॉक्टरांचा मोठा फोटो आणि खाली जाड लाल पट्टा: नंबर लावा. मावशींनी आधी डॉक्टरांच्या छातीवर बोट ठेवलं. "डाक्टर बोलंना की!" दादाही हसले. मग लाल पट्टा लगेच सापडला, पण नाव चुकलं आणि मागे जायला वाटच नव्हती. फ्लेक्सला मागे जायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी आपली फाइल स्वतःहून मला दिली. मी फोटो काढला, त्यांचा पट्टा आणि अक्षरं ठेवली, माझ्या स्क्रीनमधल्या मागे-पुढे जायच्या पायऱ्या जोडल्या. या वेळी एका आजोबांनी कुणाला न विचारता नंबर लावला.

मालकांनी फोन हातात घेतला. "मॅडम, हे तुम्ही केलं?"

दादा शेजारीच होते. मी ‘हो’ म्हणून मान हलवली. लाजाळूपणाला दोष देणं सोपं आहे. मला नोकरी हवी होती.

शनिवारी दुकान कायमचं सोडून निघताना दादांनी मला एक फोल्डर दाखवलं. "श्रद्धांजलीच्या फाइली हितं हायत. लोक घाईत असतेत. फोटो आला की लगेच बसा."

मी सॉरी म्हणाले. त्यांनी डबा पिशवीत टाकला आणि ते गेले.

सोमवारी पहिला फोटो आला, लग्नातला. गेलेल्या माणसाच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. तो पुसायला मला जमेना. त्या गेलेल्या माणसाचा मुलगा माझ्या खुर्चीमागे उभा होता.

"ताई, जरा लवकर करा. तिकडं मंडळी थांबलीत."