एका सीटवर दोन रुमाल

अक्का पहिल्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नसत. "पयला आकडा पाव्हण्यासारखा," त्या म्हणत. "चहा पाजायचा आन् वाटंला लावायचा." सोलापुरातल्या आमच्या छोट्या कचेरीत नेटवर्कच्या यंत्रांचा वेग मोजला जाई. अक्का प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं माहेर अक्कलकोटचं. राग आला की कन्नड, एरवी मराठी; दोन्ही मोठ्या आवाजात.

प्रोसेसरमध्ये काम ओढणारे अनेक कोर असतात; त्यातल्या कुठल्या कोरने कुठलं काम करायचं हे नेमून देण्याला त्यांनी एसटी स्टँडवरचा शब्द लावला होता : रुमाल टाकणं. खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात, तसं. "रुमाल टाकला का?" असं त्यांनी विचारताच कामावर नवीन आलेल्या एका मुलीने घाबरून पर्स उघडली होती.

एकदा शिरीष नावाचा एक उद्योजक स्वतः बनवलेला राउटर घेऊन आला. त्याची पहिली मोठी ऑर्डर आमच्या अहवालावर अडली होती. मोजलं, तर वेग हवा त्याच्या निम्मा.

अक्कांनी पडद्यावर बोट ठेवलं. "नोडु!" त्या कन्नडमध्ये ओरडल्या. "बघ की. एकटा कोर मरतोय, बाकीचे पान खात बसल्यात." आलेला डेटा उतरवून घेणं आणि तो कुलूपबंद करून पुढे धाडणं, दोन्ही कामांचे रुमाल एकाच सीटवर पडले होते. अक्कांनी एक काम दुसऱ्या कोरवर हलवलं. वेग जवळजवळ दुप्पट झाला.

"अक्का, हाच आकडा लिवा!" शिरीष उडालाच.

"दोन्ही लिवणार."

"पयला कशाला? ऑर्डर जाईल की माझी!"

"गिऱ्हाइकाच्या घरी रुमाल टाकायला मी जाऊ व्हय? तितं तुझं यंत्र रखडणारच की."

शिरीष राउटर काखोटीला मारून निघून गेला. मला वाटलं, गेला तो गेलाच. पण काही दिवसांनी तो परतला. कामांची वाटणी त्याने राउटरमध्येच पक्की करून आणली होती; बटण दाबलं की प्रत्येक काम आपापल्या जागी. अक्कांनी तो पुन्हापुन्हा बंद-चालू करून पाहिला आणि मगच अहवालात एकच आकडा लिहिला. ऑर्डर मिळाली.

अक्का आता धारवाडला लेकीकडे असतात. त्यांची खुर्ची मला मिळाली. शिरीष नवं यंत्र माझ्याकडे आणतो, पण आधी धारवाडला फोन करून. शेवटी मी विचारलंच, "माझ्यावर भरवसा नाही का?"

"हाय की, ताई. पण तुमी नुसती चूक दाखवता. अक्का लाज वाटंपर्यंत दाखवतात."