मृणालचं कॉन्ट्रॅक्ट मीच फोडलं

मित्रांनो, दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही.

आमच्या टीममधल्या मृणालचं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवर आपोआप पैशांची देवघेव करणारा कोड, आज लाइव्ह जाणार होतं. मी कॉलेज अर्धवट सोडलेला; माझा तिच्यावर जीव आहे, हे तिला सोडून सगळ्यांना ठाऊक आहे.

तिचा कोड आधी पैसे पाठवतो, मग शिल्लक कमी करतो. मधल्या क्षणात घेणाऱ्याने पुन्हा मागितले, तर पुन्हा मिळतात. तपासणीच्या टूलने हे सांगितलंही होतं. पण ते रोजच खोटी ओरड करतं, म्हणून तिने ती वॉर्निंग बंद केली होती. मी टेस्ट नेटवर्कवर, जिथे पैसे खोटेच असतात, हल्ला करून सगळं रिकामं केलं आणि व्हिडिओ थेट टीमच्या ग्रुपवर टाकला.

लगेच तिचा फोन. "काहून गा, मले आधी सांगता नाही आलं तुले?"

"वॉर्निंग तू बंद केली वं, मी नाही."

तिने फोन कापला. तासाभराने दुरुस्त कोड आला, सोबत दोनच शब्द: "फोड आता."

तेव्हापासून ठोकून राहिलो, फुटत नाही. तसं कळवलं की आमचं बोलणं संपणार, म्हणून कळवलंच नाही. तिकडे ती लाँच अडवून माझ्या उत्तराची वाट बघतेय.

तुम्ही असता तर किती वेळ गप्प बसला असता?