स्वयंपाकघरातली रबरी चप्पल

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला करंट यायचा. फार नाही, हाताला मुंग्या येतील इतकाच. पण पावसाळ्यात फरशी ओलसर राहायची आणि मुंग्यांचा झटका व्हायचा. मला आकडा कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मी मीटर आणून नळ आणि फरशी यांच्यात लावून पाहिला. उन्हाळ्यात अकरा व्होल्ट, आषाढात अडतीस. बायको म्हणाली, "आकडा कळला ना? मग आता भांडी तुम्हीच घासा."

आमचा इलेक्ट्रिशियन गल्लीतलाच. मला दादा म्हणतो, तिला वहिनी. दर पावसाळ्यात तो यायचा, नळाला हाताची मागची बाजू लावून बघायचा आणि तोच इलाज सांगून जायचा. "काही न्हाई वहिनी, चप्पल घालत जा."

आता आमचे देवघर स्वयंपाकघराच्याच कोपऱ्यात आहे. तिथे चप्पल म्हणजे थेट देवासमोर चप्पल. तरी तिने एक निळी रबरी चप्पल आणली आणि ती घराच्या उंबऱ्याबाहेर कधी न्यायची नाही असे ठरवले. पाणी घेताना घालायची, देवाकडे वळताना काढायची, पुन्हा नळाकडे जाताना घालायची. सकाळभर हेच. एकदा एका पाहुणीने ती चप्पल पाहून तोंड वाकडे केले, ते तिला अजून खुपते. "लोकांना वाटतंय मी बाटले," ती मला म्हणाली. "अन् तुम्ही व्होल्ट मोजा."

पावसाळा हा या धंद्याचा भाकड काळ. विहिरींवरच्या मोटारी बंद, बांधकामे थांबलेली, लग्नाचे मुहूर्त नाहीत म्हणून मांडवाची रोषणाईही नाही. त्याच सुमारास वडीगोद्रीच्या एका मंगल कार्यालयात इलेक्ट्रिशियन लोकांसाठी तीन आठवड्यांचे कौशल्य प्रशिक्षण निघाले. कार्यालयही मुहूर्तांअभावी रिकामेच होते. मी त्याच्या मागे लागलो.

"रिकामा बसलास, तर जा. जरा अर्थिंग शिकून ये."

"दादा, वीस वर्षं झाली काम करून राह्यलो. आता काय शिकू?"

आतून आवाज आला, "चप्पल सोडून दुसरं काहीही शिका."

तो गेला. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन काय शिकवले ते सांगायचा. पहिला आठवडा ग्राहकाशी कसे बोलावे यात गेला. दारात उभे कसे राहायचे, हसायचे किती, "आपली काय सेवा करू?" कसे म्हणायचे. एक मिशीवाला वायरमन गृहिणी झाला आणि बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याची सेवा केली. मग मोबाइलवरून लागणारे दिवे शिकवले. शिकवताना लाइट गेली, म्हणून ते तोंडी शिकवले. प्रात्यक्षिक वधूपक्षाच्या खोलीत होते. तिथे रबरी हातमोज्यांचा एकच जोड होता. तो घालून प्रत्येकाचा फोटो निघाला आणि जोड पुढच्याच्या हातात गेला.

"अर्थिंग?" मी विचारले.

"झालं की. चित्र दाखवलं बराबर."

समारोपाला प्रत्येकाने आपला एक समाधानी ग्राहक आणायचा होता. तो आमच्याकडे आला. "दादा, वहिनीला घेऊन या. तुमच्याशिवाय माझ्यावर समाधानी कोण हाय?" बायको माझ्याकडे पाहून हसली आणि साडी बदलायला गेली. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

व्यासपीठावर छत गळत होते, म्हणून नुकतेच फडके मारलेले, फरशी अजून ओलीच. प्रमुख पाहुणे दीपप्रज्वलनासाठी रीतीप्रमाणे बूट काढून पुढे आले. समया लावल्या, तसेच अनवाणी माइकपाशी गेले आणि माइक धरून म्हणाले, "बंधूंनो, सुरक्षितता हीच..." पुढचा शब्द नव्हता, किंकाळी होती. माइक हारांच्या ताटात पडला.

सभागृहात एकेचाळीस प्रमाणपत्रधारक इलेक्ट्रिशियन बसले होते. मी त्यांच्या खुर्च्या मोजल्या होत्या. एकेचाळीसच्या एकेचाळीस एकमेकांकडे पाहू लागले. मग एकाने माइकला रुमाल गुंडाळला. पाहुण्यांनी भीत भीत बोट लावले आणि मागे घेतले. रुमाल घाम पुसून ओला झालेला होता. माइकची मशीन बंद करून तिची वायर कुणी पाहावी, हे कुणाच्याही मनात आले नाही. तेवढ्यात आमचा वीर पुढे धावला. पाहुण्यांसमोर हसला, शिकवल्याप्रमाणे अगदी बेताने, आणि म्हणाला, "साहेब, चप्पल घाला."

पाहुण्यांनी बूट घातले. पेटत्या समयांसमोर, देवाच्या तसबिरीसमोर, बूट घालून ते सुरक्षिततेवर अर्धा तास बोलले. टाळ्या झाल्या. प्रशिक्षक म्हणाले, "हेच आपल्या प्रशिक्षणाचं फलित!"

मग समाधानी ग्राहकांना मनोगतासाठी बोलावले. आमची बायको उठली. माइकपासून चांगली हातभर लांब उभी राहिली आणि आमच्या वीराकडे पाहून मोठ्याने विचारले, "भाऊ, तीन आठवडे सरांनी तुम्हाला हे शिकवलं, का तुम्ही सरांना?"

सभागृह हसले. प्रशिक्षकांना ती स्तुती वाटली, तेही टाळ्या वाजवत होते. आमचा इलेक्ट्रिशियन मात्र वाजवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो न बोलावता आला. हसला नाही, सेवेचे विचारले नाही. बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार भिंतीत शिरली होती आणि वीतभर आत जाऊन तिथेच संपली होती. ती त्यानेच घातली होती, घर बांधताना.

"दादा, ती बाहेरून दिसत न्हाई ना," तो म्हणाला. "म्हणून कुणी मागत न्हाई अन् कुणी करत न्हाई."

दोन दिवस खपून त्याने मागच्या अंगणात खड्डा खणला. कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी, सगळे घातले आणि तार तिथपर्यंत आणली. गिझरची कॉइल फुटलेली निघाली, करंट तिथूनच पाण्यात उतरत होता; तीही बदलली. मी मीटर लावला. शून्य पूर्णांक चार दशांश व्होल्ट. मी आकडा मोठ्याने वाचला, पण तो ऐकायला कोणी थांबले नव्हते.

बायकोने ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नळ सोडला. घागर भरली. पुन्हा सोडला, उगाचच, आणि हात धारेखाली तसाच धरून ठेवला. तो दारात उभा राहून पाहत होता. मग तिने ती निळी चप्पल धुतली, पुसली, पिशवीत घातली आणि त्याच्या हातात दिली.

"कार्यालयात नेऊन द्या. माइकपाशी ठेवतील."