ताईच्या माहितीपटातली सुमनची आई

आज दुपारपासून माझा गोंधळ उडालाय, म्हणून इथे लिहिते.

माझी दिवंगत ताई ही ऊसतोड बायकांवर माहितीपट काढणारी आमच्या भागातली पहिली बाई. तिचा पहिला माहितीपट बघायला पाटोद्याची सुमन आज अंबाजोगाईला माझ्या घरी आली. त्यात सुमनची वारलेली आई दिसते.

आई कॅमेऱ्याकडे बघून बोलत होती, पण ऐकू येत होतं ताईचं निवेदन.

"माय काय म्हनतीय, बाई?"

"ताई सांगतेय ते ऐक," मी म्हणाले.

"त्या लई चांगलं सांगत्यात. पन मायचं बोलनं कुटं हाय?"

मूळ आवाज ताईने ठेवलाच नव्हता. या बायकांची बाजू मांडली म्हणून तिचे सत्कार झाले. मग त्यांना बोलू का दिलं नाही? तुम्हाला काय वाटतं?

सुमनला दिलं: एक पेन ड्राइव्ह. त्यात आई दिसते, ऐकू येत नाही.