चूक खालच्याची, मार वरच्याला

शाळेत प्रार्थना चालू होती. सगळी पोरं हात जोडून, डोळे मिटून उभी होती आणि माझ्या आईने पायातली चप्पल काढून एका गुरुजींच्या तोंडावर हाणली. एक नाही, चांगल्या तीन. आवाजाने पोरांनी डोळे उघडले. मी सातवीच्या रांगेत होते. मी डोळे उघडले नाहीत, कारण ती चप्पल कुणाची हे मला आवाजावरून कळलं होतं. घरी कितीदा ऐकला होता तो.

आदल्या दिवशी त्या गुरुजींनी माझ्या भावाच्या, विक्याच्या, कानाखाली वाजवली होती. विक्या चौथीत. पाढा चुकला एवढंच. संध्याकाळी कानातून रक्त आलं. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटलाय, उजव्या कानाने आता फारसं ऐकू यायचं नाही. चपलेचं प्रकरण उरकल्यावर आईने मला, विक्याला आणि पहिलीतल्या राणीला दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं आणि मागे वळून हेडमास्तरांना म्हणाली, "माझ्या पोरास्नी मारायचं झालं तर मी मारीन. परक्याचा हात लागायचा न्हाई." हा शब्द तिने पाळला. त्यातला पहिला भाग जरा जास्तच पाळला.

तिचं नाव शालन. बारावीला तालुक्याच्या गावात पहिल्या पाचांत आलेली, डी.एड.चं एक वर्ष झालं आणि लग्नात ते राहून गेलं. वडील फौजेत, वर्षातून दोनदा घरी यायचे. तासगावच्या बाहेर आमची दीड एकर द्राक्षबाग होती आणि बागेच्या कडेला बेदाण्याचं शेड. तीच आमची शाळा. उन्हाळ्यात जाळ्यांवर द्राक्षं वाळत पडली की वर्ग स्वयंपाकघरात जायचा. एरवी रिकाम्या मांडणीच्या खालच्या कप्प्यावर आम्ही चौघं ओळीने बसायचो. मी सातवीचं, विक्या चौथीचं, राणी पहिलीचं पुस्तक घेऊन. धाकटा बाळ्या चार वर्षांचा, त्याच्या हातात नुसती पाटी.

एका बाईला स्वयंपाक, बाग आणि चार इयत्ता झेपणार कशा? म्हणून तिने माळ लावली. ती मला शिकवायची. मी विक्याला, विक्या राणीला, राणी बाळ्याला. परीक्षा मात्र ती स्वतः घ्यायची, आणि खालून वर. खालचा चुकला की मार वरच्याला. बाळ्या अडला की राणीचा हात पुढे, राणी अडली की विक्याचा, विक्या अडला की माझा. तिचं म्हणणं सरळ होतं. "शिकणाऱ्याचा काय गुना? शिकवणाऱ्यानं नीट शिकवलं न्हाई. त्या मास्तरानं सोताचं थोबाड फोडून घ्याला पायजे हुतं, माझ्या पोराचं न्हाई."

मार निरगुडीच्या फोकाचा, आणि फक्त तळहातावर. "डोस्क्याला हात लावायचा न्हाई, तितं अभ्यास ऱ्हातो," असं ती म्हणायची. फोक ती रोज सकाळी ओला तोडून आणायची, कारण वाळलेला लवकर तुटतो. आमच्या चौघांच्या तळहातांवर इतके वळ असायचे की बागेतल्या बायका आमच्या हातात काही ठेवताना तोंड फिरवायच्या.

आणि तरी ती शिकवायची कशी, हे सांगितलं नाही तर मी कृतघ्न ठरेन. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तर प्रमाण काय, हे ती तराजू पुढ्यात ठेवून शिकवायची. क्षेत्रफळ म्हणजे काय ते आम्हाला बागेत दोरी धरून कळलं. विक्याशी बोलताना ती कायम त्याच्या डाव्या बाजूला बसायची आणि त्याने एकच प्रश्न सात वेळा विचारला तरी सातही वेळा पहिल्यांदा सांगितल्यासारखं सांगायची. पुस्तक वाचताना तिचा आवाज बदलायचा. ती बाई मला फार आवडायची. दुपारी फोक हातात घेणारी दुसरीच कुणी आहे, अशी मी माझी समजूत घालायचे.

या पद्धतीतलं भोक बाळ्याने शोधलं, वयाच्या सहाव्या वर्षी. राणीने त्याला पेरूतला वाटा दिला नाही. दुपारी आईने विचारलं, सात सक? त्याने राणीकडे बघून, हसत, "चव्वेचाळीस" म्हटलं. राणीला तीन फोक बसले. संध्याकाळी राणीने त्याला ओरबाडलं, तर दुसऱ्या दिवशी त्याने अख्खा पाढा उलटापालटा केला. मग आमच्यात हा धंदाच सुरू झाला. "सायकल दे, न्हाईतर चुकतो बग." राणी विक्यावर चिडली की मुद्दाम चुकायची, विक्या माझ्यावर चिडला की चुकायचा. शेडच्या मागे आम्ही एकमेकांचे केस उपटले, चावे घेतले. एकदा विक्याने राणीला पाटी मारली, तिच्या भुवईवर अजून खूण आहे. आईला वाटायचं आमची अक्कल कमी पडतेय. ती आणखी जोरात शिकवायची आणि आणखी जोरात मारायची.

गावात बोभाटा झालाच. एके दिवशी चुलते मोटारसायकलवर आले आणि राणीच्या दंडाला धरून म्हणाले, "चल गं शाळेत. तुझ्या आईचं डोस्कं फिरलंय." आई बागेतून कोयता घेऊनच धावत आली. कोयत्याच्या पाठीने तिने गाडीचा दिवा फोडला, आरसा फोडला, आणि म्हणाली, "भावजी, पोरगी सोडा. आता पुढचा नंबर तुमचा हाय." चुलत्यांनी सोडली आणि तिथूनच वडिलांना फोन लावला.

वडील मोठ्याने बोलणारे नव्हते. फोनवर त्यांनी निकाल दिला. "शालन, पोरगी दहावीला बसव. सतरा नंबरचा फॉर्म भरला की बाहेरनं बसता येतंय. पास झाली तर चौघंबी तुझ्यापाशी शिकतील, कुनी आडवं येनार न्हाई. नापास झाली तर चौघंबी शाळंत." आई म्हणाली, "आवं, नापास कशी हुईल?"

म्हणजे सगळं माझ्यावर आलं. पुढचं वर्षभर तिने मला असं शिकवलं की तिच्या हातची भाकरी तव्यावर करपायची. आणि त्या वर्षभर मी रस्त्याने सायकलवर शाळेत जाणाऱ्या पोरी बघत होते. त्यांच्या हातावर वळ नव्हते. त्या हसायच्या, एकमेकींच्या वेण्या ओढायच्या. मला शाळा हवी होती. पण तेवढंच नव्हतं. मी सगळ्यात वरची होते, आणि माझ्या वर फक्त आई होती. मी चुकले तर हात कुणाचा पुढे येणार, हे मला चांगलं कळत होतं. बाळ्याचीच विद्या मी घेतली.

गणिताच्या पेपराला आई केंद्राच्या फाटकाबाहेर उन्हात उभी होती. आत मी उजवीकडच्या कच्च्या कामाच्या जागेत एकेक गणित सोडवलं, उत्तर बरोबर आलंय याची खात्री केली, त्यावर एक हलकी काट मारली आणि डावीकडे चुकीचं उत्तर लिहिलं. दोन्ही पेपरांना असंच. बाहेर आल्यावर आईने विचारलं, "आलं समदं?" मी म्हटलं, "आलं." तिने मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही.

निकाल तिने मोबाइलवर तीनदा उघडून पाहिला. बाकी सगळ्या विषयांत चांगले मार्क, गणितात चौदा. पासाला पस्तीस. ती उठली, बाहेर गेली आणि ताजा फोक तोडून आणला. आम्ही चौघं मांडणीवर बसलो होतो. तिने फोक माझ्या हातात दिला आणि उजवा तळहात पुढे केला.

"एकवीस कमी पडल्यात. तुझ्या वर कोन हाय? मी. मार. बाळ्या, तू मोज."

पहिला मी हळू मारला. ती म्हणाली, "आसा मारते व्हय मी?" मग मी मारला. बाळ्या मोजत होता. पाच, सहा, सात. तिचा हात लाल झाला, मग फुटला. मला बरं वाटत होतं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरं वाटत होतं. बाराव्याला फोक मोडला. "आजून नऊ ऱ्हायल्या," ती म्हणाली. कोपऱ्यात वेळूची काठी होती, ती मी उचलली. तिने नको म्हटलं नाही. पंधरावा तळहातावर न बसता मनगटावर बसला आणि कट्‌कन वाजलं. मी थांबले नाही. बाळ्या मोजायचं सोडून रडायला लागला होता, "ताई बास, ताई बास." अठराव्यानंतर विक्याने मागून येऊन काठी धरली आणि मला ढकलून दिलं. आईचा चेहरा राखेसारखा झाला होता. "तीन ऱ्हायल्या," एवढंच ती म्हणाली आणि खाली बसली.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांना तिने सांगितलं, शेडच्या मांडणीवरनं पडले. जूनमध्ये प्लास्टर घातलेल्या हातानेच ती पोरांची नावं घालायला त्याच शाळेत गेली. ते गुरुजी बदलून गेले होते. नव्या गुरुजींना ती म्हणाली, "ह्याच्याशी डाव्या अंगानं बोला, गुरुजी. उजवा कान गेलाय." मग फाटकाच्या बाहेर येऊन उभी राहिली. मला फेरपरीक्षेला बसवायचं ठरलं होतं. घरी माळ संपली, फोक संपला. तिने आमच्यापैकी कुणावर पुन्हा हात उगारला नाही.

पण चौदा हा आकडा तिला पटत नव्हता. डाव्या हाताने अर्ज लिहून तिने बोर्डाकडून माझ्या उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली होती. पाकीट आलं तेव्हा मी अंगणात होते. ती उंबऱ्यावर बसून कागद बघायला लागली आणि तिचं बोट उजवीकडच्या काट मारलेल्या भागावरून खाली सरकायला लागलं. "हे बरूबर. हेबी बरूबर. हे तर..." मग तिने मान वर केली.

"तुला समदी यत हुती?"

"व्हय."

"मग का गं?"

"तुला मारायचं हुतं."

मी हात पुढे करून उभी राहिले. आता बसू दे, असंच मला वाटत होतं. पण ती कागदाकडेच बघत होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं. "म्हंजी म्या शिकवल्यालं चुकलं न्हवतं," ती म्हणाली. "माझ्या पोरीला समदं यत हुतं." ते कागद घेऊन ती शेजारच्या बागेत गेली, रस्त्यावर उभ्या बायकांना दाखवत सुटली. बायका वरचा चौदा बघून हसायच्या आणि ती त्यांना उजवीकडची काट मारलेली गणितं दाखवायची. मी तिथेच हात पुढे करून उभी होते. तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

फेरपरीक्षेत मी पास झाले. पुढे शिकले, आता साताऱ्यात नोकरी करते. गेल्या वर्षी आई गेली, हृदय बंद पडून, बागेतच. सवाष्ण म्हणून बायका तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरत होत्या. उजव्या मनगटापाशी एकीचा हात थांबला. हाड वाकडंच जुळलं होतं. "हे कवा मोडलं गं?" तिने विचारलं. दुसरी म्हणाली, "शेडमदी पडली हुती न्हवं का. न्हेमी सांगायची की."

"पडली न्हवती," मी म्हटलं. "म्या मोडलंय."

दारात विक्या उभा होता, तो डावा कान आमच्याकडे करून ऐकत होता. कुणीतरी उरलेल्या बांगड्या माझ्या हातात दिल्या. मी तो हात मांडीवर घेतला आणि एकेक करून भरल्या.