करंजीच्या साच्यातला मासा

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या आपल्या मंडळींना मासेमारीचं वेड लावलं ते सोनलनं, आणि त्या सगळ्यांत आजवर एकही मासा लागला नव्हता तो फक्त सोनललाच.

ही गोष्ट कुणी मुद्दाम काढत नसे. काढायची गरजच पडत नसे. पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, भाताच्या रांगेत एखादी नवीन बाई विचारायची, "तुम्हीच ना त्या फिशिंगवाल्या?" आणि सोनल तोंड उघडायच्या आत मागून तिच्या मित्राचा, अमितचा, आवाज यायचा, "हो, हो, ह्याच फिशिंगवाल्या. फिशवाला मी."

सोनल मूळची नागपूरची. वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, आई घरी. घराण्यात कुणी कधी गळ हातात धरला नव्हता. मासा रविवारी बाजारातून यायचा, तोही तुकडे होऊन. सोनल इंजिनियर झाली, अमेरिकेत आली आणि सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीला लागली. दुसऱ्यांनी जीव तोडून केलेल्या कामात दिवसभर चुका काढायच्या, असं ते काम. तिनं आईला एकदा फोनवर नीट समजावून सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे सासूचंच काम झालं ना बाई. फक्त पगारी."

मासेमारीचं खूळ शिरलं ते मागच्या वर्षी. संध्याकाळी नवऱ्याबरोबर, म्हणजे विवेकबरोबर, घरामागच्या तळ्याला फेरी मारताना एका माणसाच्या गळाला मासा लागलेला तिनं पाहिला. मासा पाण्याबाहेर उसळला, हवेत मान झटकली आणि तोंड उघडलं. केवढं ते तोंड! आख्खा लाडू सहज मावला असता. तो लार्जमाउथ बास, म्हणजे गोड्या पाण्यातला मोठ्या तोंडाचा मासा होता, हे तिला नंतर कळलं. त्या क्षणी तिला एवढंच कळलं, की जत्रेतल्या पाळण्यात वरून खाली येताना पोटात जसा गोळा येतो तसा तो आलाय आणि आपण कारण नसताना हसतोय. आठवड्याच्या आत तिच्याकडे मासेमारीचं लायसन्स होतं, गळाचा रॉड होता आणि स्विमबेटचे इतके पुडे होते, की विवेकला मोजे ठेवायला दुसरा खण शोधावा लागला.

स्विमबेट म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा खोटा मासा. हातात घेतला की जेलीसारखा लिबलिबतो. त्याच्या शेपटीला मागे बुटाच्या टाचेसारखा एक चपटा तुकडा असतो. पाण्यातून ओढला की त्या टाचेवर पाणी आपटतं आणि शेपूट लटालटा हलते. बासला वाटतं, चालला बिचारा एकटा, खाऊन टाकू. एवढीच सगळी गंमत. पण सोनल ही गंमत सांगायला लागली की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. तिनं अमितला सांगितली, अमितच्या बायकोला, प्रीताला, सांगितली. पहिला रॉड कोणता घ्यावा, गाठ कशी मारावी, सगळं तिनंच शिकवलं.

आणि मग त्यांना मासे लागले. अमितला दुसऱ्याच शनिवारी. प्रीताला तर रॉड काखेत धरून सॅन्डविच सोडताना. पण सगळ्यांत जिव्हारी लागला तो विवेकचा मासा. विवेकला माशांची भीती वाटते. तो एकदा सोबत म्हणून आला होता. सोनल बुटाची नाडी बांधायला वाकली आणि म्हणाली, "एक मिनिट धर रे." त्यानं रॉड धरला. नाडी बांधून होते न होते तोच विवेक किंचाळला, "सोनल, हे मला ओढतंय!" मासा बाहेर आल्यावर त्यानं आधी माशाला सॉरी म्हटलं आणि मग बायकोला.

आता सोनललाच मासा का लागू नये? कारण ती तपासनीस होती. स्विमबेट पाण्यात टाकायची, दोर गुंडाळायच्या रिळाच्या हँडलचे दोन-चार फेरे मारायची आणि तिला शंका यायची. शेपूट नीट हलतेय ना? हूक तिरका तर नाही? की झटपट सगळं ओढून बाहेर. निरखायचं, रंग बदलायचा, पुन्हा टाकायचं, पुन्हा शंका. घरी बाथटब भरून दोऱ्यानं एकेक स्विमबेट ओढायची आणि फोनवर स्लो मोशनमध्ये शेपटीचं चित्रण करायची. विवेकला आंघोळीसाठी आधी विचारावं लागे.

"अगं, त्याला जरा पोहू तर दे," प्रीता म्हणायची.

"हो, पण बग असेल तर?"

"यार सोनल," अमित म्हणायचा, "तू मासे पकडत नाहीयेस. तू प्लॅस्टिकचे इंटरव्ह्यू घेतेयस."

गणपतीच्या पॉटलकला हे जरा जास्तच झालं. अमितनं साऱ्यांसमोर आपल्या माशाचे फोटो फिरवले आणि वर विचारलं, "तुझा एखादा दाखव ना. बाथटबमधला पण चालेल." सगळे हसले. विवेकसुद्धा हसला. सोनल ताट खाली ठेवून उभी राहिली.

"दिवाळीच्या आत मला मासा लागला नाही तर माझा रॉड, रीळ, डबे, सगळं तुझं. तळ्याकडे फिरकणारसुद्धा नाही मी. भरतकाम शिकेन."

"साक्षीदार आहेत बरं का," अमित म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: रॉड टीव्हीच्या वर छान दिसेल, भिंत बघून ठेवलीय.

शब्द तोंडातून गेल्यावर सोनलला कळलं आपण काय बोलून बसलो ते. भरतकाम! तिला शनिवार सकाळची ती ओलसर गवतावरची चाल आठवली, पहिल्या फेकीत दोर सुटतानाचा तो सुईऽऽ आवाज आठवला. मासा मिळो न मिळो, ते सगळं तिला हवं होतं. पण बोललेला शब्द बोललेला.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबरातली झाडं लाल-पिवळी होऊन निम्मी उतरली. दिवाळीआधीचा शेवटचा शनिवार उद्यावर आला आणि सोनलनं डबे उघडून बघितलं, तर धड स्विमबेट एकही उरलं नव्हतं. सतत हूक काढून-घालून सगळ्यांची तोंडं फाटली होती. फाटकी मात्र तिनं आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जपून ठेवली होती. शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या घरातली मुलगी ती, टाकून कसं देणार?

शुक्रवारी ऑफिसातून आल्या आल्या तिनं गॅरेजचं दार सताड उघडलं, मास्क लावला आणि भंगारात काढलेल्या पातेल्यात ती सगळी लक्तरं वितळवायला ठेवली. काळं, हिरवं, गुलाबी, चमचमणारं. सगळ्यांचा मिळून एक रंग झाला, ज्याला अजून कुठल्याही भाषेत नाव नसावं. मग प्रश्न आला साच्याचा.

विवेक गॅरेजमध्ये डोकावला तेव्हा ती अ‍ॅल्युमिनियमचा करंजीचा साचा उघडून त्यात तो रस ओतत होती. हा साचा आईनं नागपूरच्या विमानतळावर, अगदी शेवटच्या मिनिटाला, तिच्या पर्समध्ये कोंबला होता.

"सोनल, तो आईंचा साचा आहे."

"माहितेय."

"ह्यात परत करंजी होणार नाही."

"पहिल्यांदा तरी कुठे झाली होती?"

विवेक खुर्ची ओढून बघत बसला. गार झाल्यावर साचा उघडला, तर आत करंजी. खरोखरची करंजी, कडेला मुरड घातल्यासारखी नक्षी आणि मध्ये फुगलेलं पोट. सोनलनं बाजूला काढून ठेवलेल्या एका फाटक्या स्विमबेटची शाबूत शेपूट कापली, तापवलेल्या सुरीनं करंजीच्या टोकाला चिकटवली आणि हातभर लांब धरून पाहिलं. विवेकच्या डोळ्यांत पाणी आलं. प्लॅस्टिकच्या वासानं नव्हे. दोघंही गॅरेजच्या फरशीवर बसून पोट दुखेपर्यंत हसले.

"टेस्ट नाही करणार?" त्यानं विचारलं. "टब मोकळा आहे."

"ह्याची काय टेस्ट करायची? हे पोहत नसणारच."

शनिवारी सकाळी सोनल आणि विवेक तळ्यावर पोचले तेव्हा अमित आणि प्रीता आधीच आले होते. प्रीतानं थर्मासमधून चहा आणला होता आणि अमितनं रॉडसाठी नवी कोरी खोळ आणली होती. चेनसुद्धा उघडून ठेवलेली.

"हे काय लावलंयस?" अमितनं करंजी पाहिली. "अगं, दिवाळी फराळ माशांना? आपल्याला नाही दिलास!"

"सारण काय आहे?" प्रीतानं विचारलं.

"बाकीच्या स्विमबेटांच्या आठवणी," सोनल म्हणाली आणि फेकली.

करंजी पाण्यावर फटकन आपटली. काठाजवळून ओढताना दिसलं, की ती सरळ पोहतच नव्हती. वरातीत नाचणाऱ्या मामासारखी एकदा इकडे झुकायची, एकदा तिकडे, आणि मागून ती चिकटवलेली शेपूट आपली वेगळ्याच तालात. चौघंही हसत सुटले. सोनलनं पुन्हा फेकली, पुन्हा हसली. हरायचंच आहे तर हसत हरू, असा तिचा जीव एकदम हलका झाला होता. तिनं शेवटची म्हणून एक लांब फेक केली, थेट पलीकडच्या पडलेल्या झाडापर्यंत, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला. आई. तिकडे संध्याकाळ होती. सोनलनं एका हातानं फोन स्पीकरवर टाकला, जॅकेटच्या वरच्या खिशात सरकवला आणि सवयीनं हँडल फिरवू लागली.

"काय करून राहिली गं?"

"तळ्यावर आहे, आई."

"अजून तेच का? फराळाचं झालं तुझं?"

"होईल."

"करंज्या केल्या?"

सोनलनं विवेककडे पाहिलं. विवेकनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"एक केली," ती म्हणाली.

"एक? एक करंजी कोणी करते का? साचा तरी बरोबर आहे ना? माझ्या हाताखालचा आहे तो. तुपाचा हात लावून ठेवत जा त्याले, नाही त चिकटते."

"नाही चिकटली, आई. छान सुटली."

"मंग? खाऊन पाहिली कोणी?"

सोनल हसू दाबत होती, शब्द शोधत होती, आणि हात आपला हळूहळू, एका लयीत, हँडल फिरवत होता. शेपूट हलतेय की नाही, हूक तिरका आहे की सरळ, हे तिच्या मनातसुद्धा नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदाच तिनं त्या तळ्यात स्विमबेटला शांतपणे पोहू दिलं होतं.

"खाऊन तर अजून कोणी..." ती म्हणाली, आणि रॉड खाली वाकला.

टक् नाही, ठक् नाही. सरळ धप्पकन, कुणी दाराला आतून खेचावं तसा.

"सोनल!" प्रीता ओरडली.

"अडकलं असेल झाडाला," सोनल म्हणाली, आणि ते झाड उजवीकडे पळू लागलं.

"अगं, मासा आहे! रॉड वर कर!"

"नको, खाली! खाली!" अमित खोळ टाकून धावला. "दोर ढिला नको सोडू! नाही, थोडा सोड! सोडू नको गं!"

"एकच काहीतरी सांग ना!"

"काय झालं?" खिशातून आई. "कोण पळून राहिलं?"

पाणी फुटलं. मासा हवेत आला, हिरवा, काळ्या पट्ट्याचा, जाडजूड, आणि त्यानं तोंड उघडलं तर आत त्या बिननावाच्या रंगाची अख्खी करंजी. सोनलच्या पोटात पाळणा खाली आला. ती हसत होती की किंचाळत होती, कुणालाच कळलं नाही, तिला तर मुळीच नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात बूट घालून उतरलो आहोत हेही तिला कळलं नाही. अमित तिच्या पुढे चिखलात आडवा झाला, उठला, पुन्हा घसरला आणि शेवटी त्यानं माशाचा खालचा ओठ अंगठ्यात पकडून तो वर काढला. वर काढला आणि सोनलच्या हातात दिला.

जड होता. गार होता. तिच्याकडे बघत होता.

विवेक फोन धरून चित्रण करत होता. नंतर पाहिलं तर त्यात सगळं आभाळ आणि त्याचाच आवाज, "अरे बाप रे, अरे बाप रे." फोटो काय ते प्रीतानं नीट काढले. मग सोनल वाकली, हूक सोडवला आणि मासा पाण्यात धरून ठेवला. तो क्षणभर तिच्या तळव्यांत उभा राहिला, शेपटीचा एक फटका मारला आणि तिला तोंडभर पाणी पाजून गेला.

"सोनी! बोलत काहून नाही?"

"आई," सोनल धापा टाकत म्हणाली, "मासा लागला."

"बाप्पा! केवढा?"

"खूप मोठा, आई."

"मंग कालवण करशील का तळशील?"

"सोडला मी."

"कोणाले देला?"

"कोणालाच नाही. पाण्यात सोडला. इथे तसंच करतात."

"वर्षभर त्याच्या मागं लागली, आन् हाती आला त सोडून देला?" आईनं फोन बाजूला धरल्याचं कळलं, कारण आवाज लांब गेला पण मोठा झाला. "अहो, ऐकलं का! सोनीनं मासा पकडला. हो. पाच किलोचा!"

"आई, पाच नाही..."

"तू थांब. हो, एकटीनं! आन् सोडून देला म्हणते. आता काय सांगू मी..." मग खुडबूड झाली आणि वडिलांचा आवाज आला. वडील फोनवर फारसं बोलत नसत. तब्येत, हवा, ठेवू का, एवढंच त्यांचं बोलणं.

"कसा लागला?" त्यांनी विचारलं. "पहिल्यापासून सांग."

सोनल पाण्यातून बाहेर आली, ओल्या बुटांनी काठावर बसली आणि सांगू लागली. सांगताना तिचे दोन्ही हात हवेत होते. वडिलांना ते दिसत नव्हते, तरी दर वाक्याला दोन हातांमधलं अंतर वाढत होतं.

"एवढा नव्हता गं," अमित म्हणाला.

"तू चहा पी," प्रीता म्हणाली.