बेटावरच्या ताई

“ओरडले का मी?” असं विचारून ताई स्वतःच्याच तोंडावर हात ठेवायच्या. लिफ्टमध्ये, जिन्यात, अगदी दूधवाल्याशी बोलतानाही त्यांचा आवाज असा चढायचा की खालच्या मजल्यावरची दारं उघडायची. पहिल्यांदा मला वाटलं, बाई भांडखोर दिसतात. मग कळलं की वर्षातले काही महिने त्या हजारो पाखरांच्या कलकलाटात काढतात. तिथं शेजारच्या माणसालाही ओरडूनच सांगावं लागतं. ती सवय त्या पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीत घेऊन यायच्या.

त्या आणि त्यांच्या आई आमच्या समोरच्या दारात राहायच्या. मी चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला. आमच्या भागात नव्या माणसाला पहिला प्रश्न ‘कुठल्या कंपनीत?’ हाच असतो. तुम्हीही तोच विचारला असता.

“कंपनी नाही, समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करते,” त्या म्हणाल्या.

“अहो, पण इथं समुद्र कुठाय?”

“म्हणून तर जावं लागतं, भाऊ!” सगळी लिफ्ट दचकली.

जायच्या कुठं, तर लक्षद्वीपच्या बाजूला वाळूचं एक उघडं बेट आहे, तिथं. झाड नाही, विहीर नाही, मोबाइलला रेंज नाही. प्यायचं पाणी होडीतून न्यायचं. सुरय नावाचे पक्षी तिथल्या वाळूवर एकेक अंडं घालतात आणि माणूस जवळ गेला की डोक्यावर चोची मारतात. परत आल्या की ताई इतक्या रापलेल्या असायच्या की वॉचमन त्यांना गेटवर अडवायचा. पाणी वाया गेलेलं त्यांना सोसत नसे. आमच्या स्वयंपाकघरात नळ चालू दिसला, तर बोलता बोलता आत शिरून त्या तो बंद करत आणि राहिलेलं वाक्य तिथूनच पुरं करत.

मूळच्या त्या रावेतच्या, शेतकरी घरातल्या. लहानपणी पवनेच्या काठावर त्यांनी नदीवरचे सुरय पाहिले होते. “ह्यांचे भाऊबंद समुद्रात राहतात असं वाचलं, म्हणून भेटायला गेले,” इतकंच त्या सांगायच्या. लग्न केलं नाही. आई माळकरी, मनानं कणखर. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. लेकीचं काम त्यांना कधी उमगलं नाही. “आमी जलमभर पाखरं हाकलली,” त्या म्हणायच्या, “आन् ही त्यांच्या मागं मागं जाती.”

एका उन्हाळ्यात ताई बेटावर असताना आजी मोरीत घसरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. मी आणि माझी बायको सुनंदा त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो. ताईंना वायरलेसवरून निरोप धाडला, पण समुद्र खवळलेला होता आणि होडी निघेना. त्या पोचल्या तेव्हा ऑपरेशन होऊन गेलं होतं. आजींनी डोळे उघडले, म्हणाल्या, “आलीस व्हय?” बस. ताई त्यांचे पाय धरून बसून राहिल्या. त्या दिवशी मी त्यांचा आवाज ऐकलाच नाही.

त्यानंतर ताईंनी बेटावर जाणं सोडलं. एका कॉलेजात शिकवू लागल्या. आजी वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरायच्या, त्यांच्या मागं हात पुढं करून ताई. मी एकदा विचारलं, “आता जाणारच नाही का?”

“तिकडं माझ्यावाचून काही अडत नाही, भाऊ. इथं अडतं.”

पण उन्हाळा लागला की त्यांचं जेवणात लक्ष नसायचं, असं आजी सुनंदाला सांगायच्या.

मग एका पावसाळ्यात वादळी पावसानं सगळा पट्टा झोडपला. सकाळी आमच्या कंपनीच्या लोडिंग शेडमध्ये पोरं गोळा झालेली. “सर, कबूतर न्हाई हे. काहीतरी वेगळंच हाय राव.” पाठ काळी, पोट पांढरंशुभ्र, पंख पसरून फरशीवर पडलेलं. मी फोटो काढून ताईंना पाठवला. लगेच फोन आला. “हात लावू नका! नाही, लावा! खोक्यात ठेवा, अंधार करा, मी निघालेय!”

रिक्षातून उतरल्या त्या नखशिखांत भिजलेल्या. खोक्याशेजारी फरशीवर बसून आत डोकावल्या. “तू इथं कुठं रे?” त्या म्हणाल्या, अगदी हळू. हे बेटावरच्याच सुरयांचं पाखरू, एकदा उडायला लागलं की अंडी घालायच्या वयापर्यंत वर्षानुवर्षं जमिनीला पाय लावत नाही, समुद्रावर उडत राहतं. वादळानं घाट ओलांडून त्याला इथं आणून टाकलं, असं त्यांनी पोरांना समजावलं. मग वनखात्याला कळवून त्याला घरी आणलं.

आता त्याला खायला हवी मासळी, आणि घर माळकऱ्याचं. ताई मांदेलीची पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या. “भाऊ, तुमच्या फ्रिजमध्ये ठेवता का?”

समोरच्या दारातून आजींचा आवाज आला. “शेजाऱ्याकडं कशापायी? पाव्हणं आपल्या घरी आलंय. आण हिकडं.”

ताईंनी पाखरू टॉवेलमध्ये धरून आईपुढं नेलं. आजी कितीतरी वेळ बघत राहिल्या. “एवढंसंच हाय व्हय? ह्याच्यापायी तू...” एक बोट त्याच्या छातीला लावलं. “काळीज कसं धडधडतंय गं.”

पाखरू सावरलं आणि पावसानं उघडीप दिली, तसे आम्ही माझ्या गाडीतून श्रीवर्धनला निघालो. आजींनी येण्याचा हट्टच धरला होता. वाळूत खुर्ची टाकून त्यांना बसवलं. ताई पाण्यात शिरल्या आणि दोन्ही तळवे उघडले. पाखरू हलेना. मग एकदम उठलं, लाटेवर इतकं खाली गेलं की सुनंदानं डोळे मिटून घेतले, आणि तिथून वर चढत गेलं. ठिपका झालं. ताई तरी पाण्यातच उभ्या. मागं वळल्या तेव्हा चेहरा भिजलेला होता, आणि लाटा काही तिथवर पोचत नव्हत्या.

“तू कवा निघणार?” आजींनी विचारलं.

“कुठं?”

“त्येच्या गावाला.”

“तू आहेस तोवर नाही.”

आजी चिडल्या. “म्हंजी माझ्या मरणाची वाट बघत बसणार? मी तुला कदी अडवलं न्हाई. आता म्हातारपणी मला तुझ्या वाटंत आडवं घालू नगंस.”

परतीच्या वाटेवर घाट चढताना आरशात पाहिलं, तर ताईंनी आईच्या खांद्यावर मान टाकली होती आणि आजी त्यांचे ओले केस पदरानं पुसत होत्या.

पुढच्या उन्हाळ्यात ताई गेल्या. दिवसा एक बाई यायची, रात्री सुनंदा सोबतीला. अशाच एका सुट्टीच्या दुपारी मी आजींजवळ बसलो असताना रावेतहून भावकीतले एक गृहस्थ आले. घरात नजर फिरवून म्हणाले, “एवढ्या म्हाताऱ्या आईला टाकून गेली कुठं पोरगी?”

आजी उशीवरून जरा वर सरकल्या.

“टाकून कशाला जाईल? कामाला गेलीय. तितं बाळंतपणं हायती, समद्यांची एकदम. हिनं न्हाई बघायचं तर कुणी?”

आजींनी मला पंखा वाढवायची खूण केली आणि भिंतीकडं कूस करून निवांत डोळे मिटले.